जनीन थ्रेलफॉलचं डिस्टिंक्शन

जनीन थ्रेलफॉलला उभ्या आयुष्यात एकदाच डिस्टिंक्शन मिळालं, आणि ते परत करायला ती आपल्या पायांनी शाळेत गेली. शाळेनं ते परत घेतलं नाही. असल्या गोष्टी परत घ्यायची सोय कुठल्याच शाळेत नसते, आणि असती तरी त्यासाठी तीन फॉर्म भरायला लावले असते.

आमच्या फ्लीटवुडचीच पोर, इंग्लंडातलं मासेमारीचं बंदर ते. आई डेनिस मासळीच्या कारखान्यात पाकिटं भरायची. थोरला भाऊ क्रेग काहीच करायचा नाही आणि ते मात्र फार मन लावून करायचा. सोळा पुरी झाली तेव्हा शाळेची शेवटची दोन वर्षं, म्हणजे सिक्स्थ फॉर्म, जनीननं 'हेल्थ अँड सोशल केअर' घेऊन करायची ठरवली. तिला नर्स व्हायचं होतं. इतिहास-गणितवाली पोरं ह्या विषयाला नाकं मुरडायची. क्रेग म्हणाला, "दोन वर्षं शाळेत बसून ढुंगणं पुसायला शिकणार? त्यात शिकायचंय काय एवढं?"

"तुझं पुसायची पाळी आली की कळेल," जनीन म्हणाली.

घरात ती असं बोलायची. बाहेर मात्र तिच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे पकड लागायची. म्हणून तिला पाठांतर फार प्रिय. वाक्य पाठ असलं की बोलायची भीती राहत नाही. आणि ह्या विषयात पाठ करायची वाक्यं पोतंभर होती. दार ठोठावल्याशिवाय कुणाच्या खोलीत जायचं नाही. 'तुम्हाला काय म्हणून हाक मारू' असं आधी विचारायचं. उभं राहून बोलायचं नाही, खाली बसून डोळ्यांना डोळे भिडवायचे. सगळं खरंच आहे हो, चांगलंच आहे. पण चांगली गोष्टही घोकली की तिची पोपटपंची होते.

शिकवायला मिसेस बॅम्बर होत्या. तीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई, गुडघे गेले म्हणून शाळेत आली. त्यांनी पहिल्याच महिन्यात पोरींना एक वाक्य दिलं आणि सांगितलं, हे झोपेतसुद्धा म्हणता आलं पाहिजे. कुणी म्हातारं माणूस तुम्हाला गुपित सांगायला आलं, तर त्यानं तोंड उघडायच्या आधी म्हणायचं: "तुम्ही जे सांगाल ते माझ्याजवळच राहील असं वचन मी देऊ शकत नाही. तुमच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर मला ते वरिष्ठांच्या कानावर घालावं लागेल."

"आधीच का, मिस?" कुणीतरी विचारलं.

"कारण वचन देऊन मग मोडलंत, तर ते माणूस पुन्हा कुणालाच काही सांगणार नाही."

मग जोड्या लावून सराव. एकीनं म्हातारी व्हायचं, दुसरीनं केअरर, म्हणजे तिची देखभाल करणारी. म्हाताऱ्या झालेल्या पोरी कण्हून कण्हून हसायच्या. जनीन हसली नाही. तिला ते वाक्य तिसऱ्या दिवशी आलं, आणि असं आलं की बॅम्बरबाईंनी तिला वर्गापुढे उभं करून म्हणून दाखवायला लावलं. त्या नियमाला दुसरा अर्धा भागही होता. माणूस गप्प बसलं, काहीच बोललं नाही, तरी नुसती शंका आली तर तेही वर सांगायचं. पण तो भाग बाईंनी घंटा झाल्यावर सांगितला. पोरी दप्तरं आवळत होत्या, निम्म्या दाराबाहेर पोचल्या होत्या. जनीनच्या वहीत तो आहे, अर्धवट अक्षरात. डोक्यात काही राहिला नाही.

दुसऱ्या वर्षी दर बुधवारी एक ते पाच तिची प्लेसमेंट, म्हणजे प्रत्यक्ष कामाचा सराव, होती ब्रेकवॉटर हाउसमध्ये. समुद्राकडे तोंड करून उभं असलेलं वृद्धांचं घर. खाली चालती-फिरती माणसं, वर अंथरुणाला खिळलेली. खालची माणसं 'वर' हा शब्द हळू आवाजात उच्चारायची. वर गेलेलं कुणी परत खाली जेवायला आल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

पहिल्या बुधवारी जनीन सात नंबरच्या खोलीत गेली. दार ठोठावलं, खाली बसली, डोळ्यांना डोळे भिडवले आणि विचारलं, "तुम्हाला काय म्हणून हाक मारू?"

खुर्चीतल्या बाईनं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मिसेस सॉल्टहाउस. आपली अजून तेवढी ओळख नाही."

ही विनी सॉल्टहाउस. वय ब्याऐंशी. चौदाव्या वर्षापासून मासेमारीच्या बोटींची जाळी विणली होती तिनं. आधी गोदामात, मग लग्न झाल्यावर घरच्या मागल्या दाराला जाळं टांगून. नवरा आल्फ बोटीवर असायचा, तो कधीच वारला होता. मूलबाळ नाही. बोटं वाकडी झालेली, पण हातात सुतळीचा गुंडा कायम. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते हिच्याकडे बघूनच म्हटलं असेल कुणीतरी. आंघोळ एकटी करायची. केअरर मंडळींना न्हाणीघराच्या दाराबाहेर उभं करायची आणि म्हणायची, "मी बुडाले तर आवाज येईल."

चौथ्या बुधवारी तिनं जनीनला गाठ शिकवायला घेतली. पोरीच्या हातून ती सुटायची, पुन्हा सुटायची.

"तुझ्या जाळ्यातून देवमासासुद्धा निसटून जाईल," विनी म्हणाली.

"तुम्ही भरभर करता, मिसेस सॉल्टहाउस."

"विनी म्हण. जी माझ्या सुतळीचा एवढा सत्यानाश करते तिच्याशी कसली औपचारिकता ठेवायची?"

त्या दिवशी जनीन घरी आली तेव्हा तिचा चेहरा बघून डेनिसला वाटलं, पोरगी कुणाच्या प्रेमात पडली. एका अर्थी पडलीच होती. तिची आजी ती जन्मायच्या आधीच गेलेली. मोठ्या माणसानं आपल्याला चिडवावं, आणि त्या चिडवण्यात माया असावी, हे तिला नवीन होतं.

आता शाळेचं ऐका. वर्षाच्या कामात एक मोठा प्रकल्प होता. त्यात निकष होते, आणि प्रत्येक निकषाला प्लेसमेंटमधला खरा प्रसंग पुरावा म्हणून लिहायचा होता. चौथा निकष त्या वाक्याचा. पण तसा प्रसंग यायचा कुठून? म्हातारी माणसं काही बुधवार बघून गुपितं सांगायला बसत नाहीत. सगळ्या पोरींनी वर्गातल्या नाटकावरच लिहिलं. नाटकावर लिहिलं की फार तर मेरिट, म्हणजे डिस्टिंक्शनच्या एक पायरी खाली. डिस्टिंक्शन हवं तर खरं हवं.

नोव्हेंबरातला दुसरा बुधवार. तीनचा चहा घेऊन जनीन सात नंबरात गेली. वाऱ्यानं खिडकी थरथरत होती. विनीनं गुंडा बाजूला ठेवलेला होता. ती म्हणाली, "दार लाव, पोरी."

विनीनं आजवर कधी दार लावायला सांगितलं नव्हतं. जनीननं लावलं. विनी खुर्चीतून उठून पलंगाच्या कडेला बसली आणि शेजारची जागा थोपटली. जनीन बसली. विनीचा हात आपल्या लोकरी जाकिटाच्या दुसऱ्या बटणावर होता.

"जनीन, एक सांगायचंय तुला. हे लगेच ऑफिसात नाही ना जायचं? त्या शेजारच्या खोलीतल्या एल्सीचं बघितलंस ना तू. नुसतं म्हणाली, सकाळी जरा गरगरतं. संध्याकाळपर्यंत तिची काठी काढून घेतली आणि दोन दिवसांत वर नेलं. तिला कुणी एक शब्द विचारला नाही."

खरं सांगायचं तर त्या क्षणी जनीनच्या मनात आधी विनी आली नाही. आधी चौथा निकष आला. हे तिनं स्वतःच पुढे कबूल केलं आहे, म्हणून मी सांगतो, नाहीतर पोरीवर असला आळ घ्यायची माझी छाती झाली नसती. तिला वाटलं, आला, खरा प्रसंग आला. तिनं पाठ ताठ केली, विनीच्या डोळ्यांत बघितलं आणि न अडखळता म्हणाली:

"तुम्ही जे सांगाल ते माझ्याजवळच राहील असं वचन मी देऊ शकत नाही. तुमच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर मला ते वरिष्ठांच्या कानावर घालावं लागेल."

एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

विनी तिच्याकडे बघत राहिली. रागानं नाही. दुकानात ओळखीचं माणूस समजून हाक मारावी आणि तोंड वळल्यावर भलतंच कुणी निघावं, तसं. मग तिनं जाकिटाचं बटण नीट लावलं, त्याच्या वरचंही लावलं.

"बरं," ती म्हणाली. "मग काही नाही. चहा गार होतोय."

"नक्की ना, विनी?"

"काही नाही म्हटलं ना. दार उघड, कोंदट होतंय."

पाच वाजता निघताना दारात बेव्ह भेटली. बेव्ह म्हणजे तिथली मुख्य केअरर, धबाधबा चालणारी, मनानं सोनं. तिनं नेहमीसारखं विचारलं, "सगळं ठीक ना आज?"

"हो, सगळं ठीक," जनीन म्हणाली. त्या तीन शब्दांसाठी तिनं पुढे किती रात्री झोप घालवली त्याला मोजदाद नाही. तिथल्या तिथे 'विनी काहीतरी सांगणार होती आणि गप्प बसली' एवढं म्हटलं असतं तरी बेव्हनं ताडलं असतं. वीस वर्षं त्या कामात काढलेली बाई ती. पण जनीनच्या हिशेबी विनीनं काही सांगितलंच नव्हतं, मग आपण काय सांगायचं? आणि तिला ट्राममध्ये बसून सगळं विसरायच्या आत लिहून काढायचं होतं.

लिहिलंही फर्मास. विनीचं नाव बदलून 'मिसेस क्यू' केलं, कारण नाव उघड करायचं नाही हाही नियम. 'मिसेस क्यू यांनी त्यानंतर माहिती न सांगण्याचा निर्णय घेतला, आणि मी त्यांच्या निर्णयाचा आदर केला,' असा शेवट. बॅम्बरबाईंनी त्या शेवटापुढे लाल टिक केली आणि समासात लिहिलं: 'उत्कृष्ट. अगदी पुस्तकात असावं तसं.' प्रकल्पाला डिस्टिंक्शन. वर्गात ते पान नमुना म्हणून वाचून दाखवलं. जानेवारीत प्रेस्टनला नर्सिंगची मुलाखत झाली तेव्हा एखादा अवघड प्रसंग सांगा म्हणाले, तर जनीननं हाच सांगितला. समोरच्या तिघांनी माना डोलावल्या. महिन्यात जागा मिळाल्याचं पत्र आलं. डेनिसनं ते पत्र कारखान्यात नेऊन सगळ्या बायकांना दाखवलं, त्यामुळे पत्राला कायमचा मासळीचा वास लागला.

आणि विनी? विनी पूर्वीसारखीच वागायची, हेच तर वाईट. गाठी शिकवायची, चिडवायची. फक्त पुन्हा कधी दार लावायला सांगितलं नाही. डिसेंबरात ती जरा बारीक झाल्यासारखी वाटली. जनीननं विचारलं तर म्हणाली, "इथलं बटाट्याचं कालवण खाऊन बघ, तूही होशील." जनीन हसली आणि विषय संपला.

मार्चच्या सुरुवातीला विनी न्हाणीघरात टबातून उठताना घसरली. पडली नाही, पण आवाज आला. बेव्ह टॉवेल घेऊन आत गेली आणि तिनं बघितलं. डाव्या छातीवर गाठ होती, मुठीएवढी, वरची कातडी फुटलेली. विनी तिच्यावर रोज स्वच्छ रुमालाची घडी ठेवून वरून कपडे घालत होती.

बुधवारी जनीन गेली तेव्हा विनी वर होती. बेव्हनं तिला स्वयंपाकघरात बसवून सांगितलं. "डॉक्टर म्हणाले, आता फक्त दुखू नये एवढंच बघायचं. चार महिन्यांपूर्वी दाखवली असती तर काहीतरी करता आलं असतं, निदान एवढे हाल झाले नसते. कधीपासून लपवली होती बाईनं, देवच जाणे."

देवाला ठाऊक होतं तसं जनीनलाही होतं. सतरा आठवडे.

दुसऱ्या दिवशी ती प्रकल्पाची फाईल घेऊन बॅम्बरबाईंकडे गेली. ते पान उघडून टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "मिस, मिसेस क्यूला कॅन्सर आहे. हेच सांगणार होती ती मला. हे डिस्टिंक्शन खोडा."

बाईंनी पान वाचलं. स्वतःची लाल टिक बघितली. मग चष्मा काढून ठेवला. "वाक्य तू बरोबर बोललीस, जनीन. पण ती गप्प बसल्यावर तू ते बेव्हला..." एवढं बोलून त्या थांबल्या. वरातीमागून घोडं आणतोय हे त्यांचं त्यांनाच कळलं असावं.

"तुम्ही वाचलं होतंत, मिस."

"हो."

"तुम्हीही मला विचारलं नाहीत, पुढे काय झालं म्हणून."

"नाही विचारलं," बाई म्हणाल्या. "मी निकष तपासत होते." मग म्हणाल्या की बाहेरचा तपासनीस फायली बघून गेला, गुण वर कळवले गेले, आता ते बदलता येत नाहीत. जनीन फाईल उचलून बाहेर आली. त्या वर्षापासून बॅम्बरबाई नियमाचा दुसरा अर्धा भाग तासाच्या सुरुवातीला सांगू लागल्या. त्याचा विनीला काय उपयोग?

घरी डेनिस म्हणाली, "सतरा वर्षांची पोर तू. जे शिकवलं ते केलंस." क्रेगनं त्या दिवशी स्वतः उठून चहा करून आणून ठेवला. पण दुसऱ्यानं समजूत घातली म्हणून आपलं मन थोडंच ऐकतं?

विनी मे महिन्यात गेली. जनीन प्रेस्टनला गेली, नर्स झाली. आज ती चाळिशीला टेकली आहे आणि आमच्याच गावात घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांच्या जखमा बांधते. ऑफिस तिच्यावर नाराज असतं, कारण तिच्या दिवसाच्या भेटी कधीच पुऱ्या होत नाहीत. एकेका घरी बसून राहते. ते वाक्य तिला अजून म्हणावं लागतं, नियमच आहे तो आणि ती तो मोडत नाही. पण आधी म्हणते, "सांगा, मी कुठे जात नाही. कुणाला सांगावं लागलंच तर आपण दोघं मिळून सांगू." हे तिला कुणी शिकवलं, ते ऐकायचं तर मला मघाशी गाळलेला एक बुधवार सांगायला हवा. सांगायचं जिवावर येत होतं म्हणून गाळला.

एप्रिलमधला बुधवार. वरच्या मजल्यावरची खोली. विनीचं अंग पलंगात जेमतेम दिसत होतं. जनीननं दार ठोठावलं, आत जाऊन शेजारी बसली. पाठ केलेलं काही आठवेना.

विनीनंच सुरुवात केली. "त्या दिवशी काय सांगणार होते ते कळलं असेल आता."

"हो."

"तुला वाटत असेल, म्हातारीला लपवायचं होतं."

"तुम्ही म्हणालात ना, ऑफिसात जायला नको म्हणून."

"लगेच नको म्हटलं होतं गं," विनी म्हणाली. बोलताना तिला धाप लागत होती. "जायचं तर होतंच मला. आठवडाभर रोज ऑफिसाच्या दारापर्यंत जाऊन परत येत होते. एकटीला धीर होईना. म्हटलं, आधी ह्या पोरीला दाखवते. एकदा कुणाला तरी दाखवून झालं की मग हिचा हात धरून ऑफिसात जाईन. चहा पिऊन होईपर्यंतच काय तो वेळ हवा होता मला."

"मग तसं म्हणाला का नाहीत?" जनीननं विचारलं.

"तू बोलू कुठे दिलंस?"

बाहेर भरतीचं पाणी भिंतीवर आपटत होतं. जनीन रडायला लागली. "मला माफ करा, विनी," ती म्हणाली. "मला माफ करा."

आमच्याकडे कुणी माफी मागितली की समोरच्यानं 'असू दे गं' म्हणायचं, अशी रीतच आहे. पायावर पाय पडला तरी म्हणतात, गाडी ठोकली तरी म्हणतात, मनात असो नसो, तोंडातून निघून जातं. जनीन मान खाली घालून तेवढ्या तीन शब्दांसाठी थांबली. बराच वेळ थांबली. वीस वर्षं झाली, अजून थांबलेलीच आहे म्हणा ना.

विनीनं मनात नसताना तोंडदेखलं बोलायची सवय कधी लावून घेतली नव्हती. तिनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, केसांतून एकदा फिरवला आणि म्हणाली, "पाच वाजत आले. जा आता, ट्राम चुकेल तुझी."